मापात सांगणाऱ्या अक्का

काम चांगलं झालंय असं कुणी म्हटलं की अक्कांना राग यायचा. “चांगलं म्हंजे किती? मापात सांग की!” असं त्या इतक्या मोठ्यानं विचारायच्या की पलीकडच्या लेथवरचा माणूस प्रश्न आपल्यालाच आहे असं समजून मशीन थांबवायचा. जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, ‘बऱ्यापैकी सरळ’ आहे असं एखाद्यानं म्हटलं तर त्याच्या हातात मोजायचा डायल देऊन त्या म्हणायच्या, “बऱ्यापैकीला ह्यात किती रेघा असत्यात तेवढं दाखव.” एकदा मालकांनी कौतुकानं सांगितलं, “तुम्ही आल्यापासून शॉप बरंच सुधारलं.” अक्का तिथंच वही काढून बसल्या. गेल्या महिन्यात किती जॉब परत आले, या महिन्यात किती, त्यातले आपल्या चुकीनं किती. तासाभरानं मालक आपल्या खोलीतून बाहेर आले तेव्हा आपण कौतुक कशाला केलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकात सुरू झाली. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचं मशीन शॉप होतं. पंपांचे आणि इंजिनांचे सुटे भाग आम्ही बनवत असू. मी राधानगरीकडची. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून तिथं ड्रॉइंग उतरवायच्या कामावर लागले होते. शॉपवर मी एकटीच बाई. वर्षभरानं अक्का इंजिनिअर म्हणून आल्या आणि आम्ही दोघी झालो. त्या जयसिंगपूरच्या, जैन कुटुंबातल्या. वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं, आणि घरात निम्मं बोलणं मराठीत, निम्मं कानडीत चालायचं. पाच भावंडांत त्या थोरल्या, म्हणून घरची अक्का. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या भावाचा फोन आला, तो मालकांनी उचलला. “अक्का हाय काय?” असं त्यानं विचारलं, आणि मालकांनी दारातून तसंच ओरडून विचारलं, “अक्का कोण हाय हितं?” तेव्हापासून पन्नाशीतले फिटरसुद्धा त्यांना अक्काच म्हणायला लागले.

आमच्या भागातल्या पुष्कळ बायकांसारखं अक्काही ‘मी येतो, मी बघतो’ असंच बोलायच्या. कामाला आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “शोभे, तू दिवसभर पाणी का पीत न्हाईस?” मी पुरुषांच्या बाथरूमकडं बोट दाखवलं. शॉपवर बायकांसाठी बाथरूम नव्हतं, त्यामुळं वर्षभर मी पाणी न पिताच दिवस काढत होते. अक्कांनी लगेच टेबलावर कागद पसरला आणि संध्याकाळपर्यंत एका बाथरूमचं रीतसर ड्रॉइंग काढलं. भिंतींची मापं, दाराची मापं, कडी आतून, सगळं. ते मालकांच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, “मालक, हा जॉब अर्जंट हाय. बाकीचं काम ह्याच्या मागनं.” मालकांनी एकदा ड्रॉइंगकडं, एकदा अक्कांकडं बघितलं आणि गवंड्याला निरोप धाडला. आठ दिवसांत बाथरूम उभं राहिलं. दाराचं माप अक्कांनी स्वतः टेप लावून तपासलं.

त्यांची तपासायची पद्धतही त्यांचीच होती. मोजायचं ते मोजून झालं की पाडलेल्या भोकाच्या कडेवरून त्या करंगळीचं नख फिरवायच्या. नख कुठं अडकलं तर तिथं धातूची बारीकशी बोचरी खर राहिली आहे हे त्यांना लगेच कळायचं. आमच्याकडं ड्रिलिंगवर दत्तूमामा होते. पंचवीस वर्षं त्यांनी भोकं पाडायचंच काम केलेलं, त्यामुळं त्यांचा उजवा खांदा जेवणाचा घास उचलतानाही दुखायचा. पण हात असा की अक्कांचं नख त्यांच्या भोकावर कधीच अडकलं नाही. अक्का त्यांच्या शेजारी स्टूल टाकून तासन्‌तास बसायच्या. ड्रिल टेकवताना मामा आधी हलकं का दाबतात, मग जोर कधी वाढवतात, पलीकडं निघायच्या आधी हात का मागं घेतात, सगळं त्या लिहून घ्यायच्या. मामा लाजून म्हणायचे, “ह्यात लिवण्यासारखं काय हाय अक्का?” अक्का म्हणायच्या, “मामा, हे तुमचं डोस्क्यातलं एखाद्या यंत्राला शिकवता आलं ना, तर तुमच्या खांद्याला सुट्टी.” तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. अक्का हसल्या नव्हत्या.

अक्कांनी शॉपवर आणखी एक रीत पाडली. सकाळी मशिनी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी पाच मिनिटं उभं राहायचं आणि आदल्या दिवशी आपलं काय चुकलं ते सांगायचं. पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडेना. तेव्हा अक्काच पुढं झाल्या. “काल मी भागाचा नंबर चुकीचा लिहिला. तीन जॉब वाया गेले. माझ्यामुळं.” मग महिनाभर रोज त्याच पहिल्या बोलत होत्या. हळूहळू दत्तूमामा बोलले, मग लेथवाले बोलले. मी मात्र कधी बोलले नाही. माझं काम ड्रॉइंग जसंच्या तसं उतरवायचं. त्यात चुकायचं काय, असं मला वाटे.

चार वर्षांनी अक्कांना इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. विषय होता रोबोट. घरून बराच विरोध झाला असावा, पण त्या त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. शेवटच्या दिवशी शॉपवर सगळ्यांचा निरोप घेऊन त्या माझ्या टेबलापाशी आल्या. मी रडायच्या बेतात होते. त्यांनी माझ्यासमोरचं ड्रॉइंग उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, “तू नुसतं उतरवतीस. वाचत जा. ड्रॉइंग म्हंजे दुसऱ्याचं बोलणं असतंय. पटलं न्हाय तर विचारायचं.” मी मान हलवली. त्या माझ्या पाठीत एक जोरदार थाप मारून निघून गेल्या. पाठ दोन दिवस दुखत होती.

मी खरंच वाचायला लागले. मग मालकांनी मला इन्स्पेक्शनला, म्हणजे तयार माल तपासायला, घेतलं आणि काही वर्षांनी तो विभागच माझ्याकडं दिला. अक्कांची पत्रं यायची, नंतर मेल यायला लागले. डॉक्टरेट झाली, मग विमानांचे पंख बनवण्याच्या कामात रोबोट कसे वापरता येतील यावर त्या संशोधन करू लागल्या, आणि दोन हजारचं दशक निम्मं सरत आलं तेव्हा त्या तिथल्या रोबोट विभागाच्या प्रमुख झाल्या. तिशी-चाळिशीतली तीसेक माणसं त्यांच्या हाताखाली होती. एका मेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं: विमानाच्या एका पंखात हजारो भोकं पाडावी लागतात, ती अजून माणसंच खांद्याला मशीन लावून पाडतात, आणि इथंही एक दत्तूमामा आहेत, फक्त त्यांचे डोळे निळे आहेत.

रोबोटचा हात ताकदवान, पण लांब. त्यामुळं ड्रिल दाबलं की तो केसभर वाकतो आणि ड्रिल पत्र्यावरून सरकतं. यावर अक्कांनी उपाय काढला होता. ड्रिलच्या तोंडाशी एक गोल भाग बसवायचा. तो आधी पत्र्याला घट्ट दाबून धरणार आणि त्याच्या मधल्या भोकातून ड्रिल खाली उतरणार. दत्तूमामा डाव्या हाताच्या पंजानं जॉब दाबून धरायचे, अगदी तसंच. तो भाग बनवायचं काम अक्कांनी आमच्या शॉपला दिलं. तिकडं बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. कोल्हापूर कुठं आहे हे त्यांना नकाशावर दाखवावं लागलं. अक्कांनी सांगितलं, “मी ह्या लोकांचं काम बघितलंय. जबाबदारी माझी.” इकडं मालकांनी ही बातमी अख्ख्या वसाहतीत सांगितली. शॉपवर त्या भागाला ‘खूर’ म्हणायला लागले, कारण तो दिसायचा तसाच.

ड्रॉइंग आलं. खाली अक्कांची सही होती. मी ते वाचलं आणि एका जागी थांबले. खुराचं तोंड सरळ पाहिजे असं लिहिलं होतं, पण ते मोजायचं होतं मागच्या सपाट बाजूला समांतर. ड्रिल तर मधल्या भोकातून जाणार. मग तोंड त्या भोकाशी काटकोनात आहे का, हे का मोजायचं नाही? मागची बाजू आणि भोक यांच्यात जराही फरक राहिला तरी ड्रिल तिरकं जाणार. मी पेन्सिलीनं तिथं बारीक टिंब केलं. मेल लिहायला घेतला. मग मनात आलं, अक्का कुठं, आपण कुठं. त्या डॉक्टरेट झालेल्या, विमानं बनवणाऱ्यांना शिकवणाऱ्या. त्यांनी काढलंय म्हणजे त्यात काहीतरी कारण असेल. मी टिंब खोडलं. खूर ड्रॉइंगप्रमाणं तंतोतंत बनला. मी दोनदा मोजला आणि पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी दुपारी अक्कांचा फोन आला. मालकांनी मला आपल्या खोलीत बोलावून घेतलं आणि फोनचा स्पीकर लावला.

“शोभे, जॉब ड्रॉइंगप्रमाणं हाय न्हवं?”

“तंतोतंत हाय अक्का. दोनदा मोजलाय.”

“मग भोकं तिरकी का जात्यात? पत्र्यावर चंद्रकोरीसारखा ओरखडा उठायलाय. हितं सगळी म्हणालीत, पार्ट खराब हाय. दोन महिन्यांनी विमान कंपनीची माणसं बघायला येणार. त्यांना पटलं न्हाय तर सगळं कामच बंद व्हणार हाय.”

मालक माझ्याकडं बघत होते. आता गप्प राहणं शक्य नव्हतं. मी काटकोनाचं सांगितलं. मागची बाजू, मधलं भोक, सगळं. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

“हे तुला कवा कळलं?”

“ड्रॉइंग आलं तवाच.”

“मग बोलली का न्हाईस?”

“मला वाटलं, तुम्ही काढलंय म्हंजे बरोबरच असंल. तुम्ही कशाला चुकशिला?”

“मला देव्हाऱ्यात बसवलंस आणि काम बुडवलंस!” अक्का एवढ्या जोरात ओरडल्या की फोन नसता तरी ऐकू आलं असतं असं मालक नंतर सांगायचे. “चार वर्षं रोज सकाळी माझ्या चुका सांगत हुतो, ते कशासाठी? तुम्ही ऐकून सोडून द्यावं म्हणून?”

मी रडायला लागले. मालकांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. अक्कांचा आवाज थोड्या वेळानं खाली आला. “चूक माझी हाय. ड्रॉइंग माझं हाय. तू फक्त सांगितलं न्हाईस, तेवढंच तुझं. आता नवीन ड्रॉइंग तू काढायचंस, मला धाडायचंस. आणि नवा खूर कुरिअरनं यायचा न्हाय. तू घेऊन यायचंस.”

“मी? इंग्लंडला?”

“न्हायतर काय राधानगरीला?”

पुढचे सहा आठवडे कसे गेले मला नीट आठवत नाही. नवं ड्रॉइंग मी काढलं. अक्कांनी ते दोन प्रश्न विचारून परत पाठवलं, मी उत्तरं दिली, तेव्हा त्यांनी सही केली. दत्तूमामा तोवर निवृत्त झाले होते. ते घरून आले आणि मधलं भोक त्यांच्या देखरेखीखाली झालं. मालकांनी पासपोर्ट आणि व्हिसासाठी पुण्या-मुंबईच्या चकरा मारल्या. माझ्या घरच्यांनी एवढंच विचारलं, “परत कधी?” मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ती मांडीवर कापसात गुंडाळलेला खूर घेऊन. खिडकीतून पंख दिसत होता. त्याच्यावर बारीक ठिपक्यांच्या रांगाच रांगा होत्या. प्रत्येक ठिपका म्हणजे कुणीतरी पाडलेलं एक भोक. मी ते मोजायला लागले आणि दोनशेच्या पुढं झोप लागली.

अक्का घ्यायला आल्या होत्या. केस पांढरे झालेले, अंगात निळा ओव्हरऑल, पायात लोखंडी टोपीचे बूट. मला बघताच आवाज दिला, “आलीस व्हय! खूर कुठाय?” विमानतळावरची निम्मी माणसं वळून बघायला लागली. जयसिंगपूरचं भडंग आणलंय म्हटल्यावर मात्र आधी भडंगाची पिशवी उघडली, मग खूर.

त्यांची प्रयोगशाळा साखर कारखान्याच्या गोदामाएवढी. मधे हत्तीएवढे पिवळे रोबोट आणि त्यांच्यासमोर चौकटीत उभा केलेला पंखाचा पत्रा. सकाळी सगळी माणसं गोल करून उभी राहिली आणि मला आपलं शिरोलीचं शॉपच दिसायला लागलं. तिथंही तीच रीत होती. त्यांचा मोजमापाचा प्रमुख एक उंच माणूस होता, अक्का त्याला मराठीत ‘चष्मेवाला’ म्हणायच्या आणि तो त्याला आपलं कौतुक समजायचा. पार्ट खराब आहे असं सगळ्यात ठासून त्यानंच सांगितलं होतं. अक्का इंग्रजीत बोलल्या, पण इतक्या सावकाश की मलाही सगळं कळलं. त्या म्हणाल्या, “मागच्या महिन्यात आपण म्हणत होतो की पार्ट चुकला. पार्ट बरोबर होता. ड्रॉइंग चुकलं होतं आणि ते मी काढलं होतं. ही चूक जिनं शोधली ती ही.” आणि त्यांनी मला खांद्याला धरून गोलाच्या मधे उभं केलं. तीस माणसं माझ्याकडं बघत होती. चष्मेवाला पुढं आला, त्यानं आधी माझ्याशी हात मिळवला आणि मग म्हणाला, “मीही चुकलो. मी ड्रॉइंग तपासलंच नव्हतं.” खाली मान घालून उभी राहायची सवय असलेली मी त्या दिवशी मान वर करून उभी होते.

चार दिवस आम्ही खूर बसवून भोकं पाडून बघितली. भोकं सरळ जात होती. पाचव्या दिवशी विमान कंपनीची माणसं आली, पिवळी जॅकेटं घातलेली, फारसं न बोलणारी. या वेळचा पत्रा सरावाचा नव्हता, खऱ्या पंखाचा होता. अक्कांनी बटण दाबायला सांगितलं. रोबोट वळला, खूर पत्र्याजवळ आला. तेवढ्यात मला खुराच्या तोंडावर काहीतरी चमकल्यासारखं वाटलं. दोन सेकंद वाटलं, भास असेल. एवढी मोठी माणसं उभी आहेत, त्यांच्या डोळ्यांना दिसलं असतं. मग आतून काय झालं कुणास ठाऊक, मी ओरडले, “अक्का, थांबवा!”

अक्कांनी मागं वळून बघितलं नाही. का, कशासाठी, काही विचारलं नाही. त्यांचा हात सरळ लाल बटणावर पडला. रोबोट पत्र्यापासून बोटभर अंतरावर जागच्या जागी थांबला. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मग अक्का म्हणाल्या, “बोल.” मी पुढं जाऊन दाखवलं. खुराच्या कडेला धातूचा केसासारखा एक बारीक तुकडा चिकटला होता, सकाळच्या चाचणीतला. तो तसाच दाबला गेला असता तर लाखमोलाच्या त्या पत्र्यावर पाहुण्यांच्या देखत ओरखडा उठला असता. चष्मेवाल्यानं तो चिमट्यानं काढला आणि पाहुण्यांच्या समोर तळहातावर धरला.

पुन्हा बटण दाबलं. खूर टेकला, घट्ट बसला, ड्रिल आत गेलं, बाहेर आलं. दुसरं. तिसरं. भोकांची एक रांग झाली, मग दुसरी, मग दहावी. चष्मेवाला प्रत्येक भोक मोजून आकडा मोठ्यानं वाचत होता आणि तो वाचता वाचता त्याचा आवाज चढत चालला होता. शेवटचा आकडा वाचून झाला तेव्हा सगळी माणसं टाळ्या वाजवायला लागली. अक्का पत्र्याजवळ गेल्या आणि करंगळीचं नख शेवटच्या रांगेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. कुठंही अडकलं नाही. पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्या माणसानं विचारलं, “ओरडलं कोण?” अक्का म्हणाल्या, “आमची इन्स्पेक्टर. कोल्हापूरची.” आणि मग माझ्याकडं वळून मराठीत हळूच, “आता कशी बोललीस! एवढी वर्षं कुठं हुतीस?”

काम पुढं चालू ठेवायचं ठरलं. मला तिथंच राहायला सांगितलं गेलं. चष्मेवाल्यानं तर माझ्यासाठी टेबलही बघून ठेवलं होतं. मी नको म्हटलं. शिरोलीला माझा विभाग होता, हाताखाली सहा मुली होत्या, त्यांना कुणीतरी बोलायला शिकवायला हवं होतं. विमानतळावर अक्का म्हणाल्या, “तू राहणार न्हाईस हे मला ठाऊक हुतं. तरी इचारायला लागतंय.” गर्दी आत सरकायला लागली तेव्हा म्हणाल्या, “हितं सगळी मला हुशार म्हणत्यात. चुकतीस म्हणणारं माणूस लांब निघालंय.” त्यांनी माझ्या पाठीत थाप मारायला हात उचलला आणि मारली नाही. नुसता ठेवला.

दोन-तीन वर्षं गेली. एके दिवशी सकाळी कळलं की रोबोटांनी भोकं पाडून जोडलेला पंख ज्याला आहे असं पहिलं विमान आदल्या दिवशी उडालं. अक्कांनी मालकांना फोन केला होता. मालकांनी सगळ्या मशिनी बंद करायला सांगून ती बातमी भर शॉपवर सांगितली. दत्तूमामांना आणायला रिक्षा गेली. शेजारच्या शॉपमधली माणसंही पेढे खायला आली आणि कुणीतरी गुलालसुद्धा उधळला. लेथवर गुलाल पडला म्हणून मी ओरडले, तेव्हा कुठं लोक भानावर आले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी इन्स्पेक्शनच्या दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, सदरा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. अक्कांचे वडील. मी धावत जाऊन खुर्ची दिली. ते बसले, पाणी प्याले, खोली न्याहाळली.

“पोरी, एक इचारायचं हाय. हसू नगो.”

“विचारा की अप्पा.”

“आमची अक्का तिकडं नेमकं काय करती?”

ते टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, “दुकानात बसलं की लोक इचारत्यात. इतकी वर्षं मी सांगतोय, कंपनीत हाय. जायला निघाली तवा मी बोललो न्हवतो तिच्याशी. महिनाभर बोललो न्हवतो. आता परवा फोनवर म्हणाली, अप्पा, विमान उडालं. मी म्हटलं, बरं झालं. फोन ठिवला आणि मग वाटलं, विमानं तर रोजच उडत्यात. ह्यात हिचं काय? तिलाच कसं इचारायचं?”

मी कागद घेतला आणि विमानाचा पंख काढला. पत्रे कसे जोडतात ते दाखवलं. ठिपके काढले. हे प्रत्येक भोक पूर्वी माणूस पाडायचा, त्याचा खांदा जायचा, आता यंत्र पाडतं, आणि त्या यंत्राला कसं पाडायचं हे तुमच्या अक्कांनी शिकवलं. अप्पा लक्ष देऊन ऐकत होते.

“म्हंजे भोकं पाडायची?”

“व्हय, अप्पा.”

“आणि एखादं वाकडं गेलं तर?”

“तर आख्खा पत्रा फेकून द्यायला लागतोय. न फेकता उडवलं तर माणसं मरत्यात.”

अप्पांनी चित्रातल्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मी तिकडून आणलेला पत्र्याचा एक तुकडा कपाटातून काढून त्यांच्या हातात दिला, रांगेनं भोकं पाडलेला. त्यांनी तो उजेडात धरला. प्रत्येक भोकातून उजेडाचा ठिपका त्यांच्या सदऱ्यावर पडला. “एका वळीत हाईत की गं,” ते म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

मग म्हणाले, “मला लिहून दे. लोकांना नीट सांगता याया पायजे.” मी मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘माझी मुलगी विमानाचे पंख जोडणाऱ्या रोबोटांच्या संशोधनाची प्रमुख आहे.’ त्यांनी ते तीनदा वाचलं. ‘संशोधना’पाशी प्रत्येक वेळी अडखळले. “एवढा एक शब्द बारका कर की,” म्हणाले. मी बदलून दुसरा शब्द घालायला गेले, तर कागद ओढून घेऊन म्हणाले, “ऱ्हाऊ दे. तिचा हाय तो शब्द. मीच शिकतो.”

मी त्यांना स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. जयसिंगपूरची गाडी लागलेली होती. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी होते. त्यांच्या शेजारी एक माणूस ऊस तोडायचा कोयता पिशवीत गुंडाळून बसला होता. तो सरकून जागा देत म्हणाला, “कुठलं पावणं?”

अप्पांनी कागद काढला नाही. ताठ बसून, घसा खाकरून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “माझी पोरगी विमानाचं पंख जोडणाऱ्या रोबोटांच्या संशोधनाची प्रमुख हाय!”

एकदाही अडखळले नाहीत. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आणि स्टँडच्या वळणावर जाईपर्यंत मला खिडकीतून दिसत होतं, अप्पा हवेत बोटानं पंख काढत होते आणि तो माणूस कोयता बाजूला ठेवून बघत होता. त्यानं बिचाऱ्यानं फक्त गाव विचारलं होतं.